मागणीशिवाय कोरलेला शिक्का

अर्जावर चार जागी सहीचा शिक्का आधीच मारलेला आहे, हे धाकट्यांच्या लक्षात आलं तेव्हा रविवारचे साडेअकरा वाजले होते आणि ताईचा दुसरा चहा संपत आला होता.

"हे कोणी केलं?"

"मी. आणखी कोण करणार?" ताई चष्मा पुसत म्हणाली. "तू तासभर दाढी करतोयस, वहिनी आत पोरीचे कपडे बदलतेय. म्हटलं, तेवढंच उरकून घेऊ. आता फक्त तुझी सही राहिली. ती कर आणि जेवायला बसू. मला चारची गाडी आहे."

धाकट्यांनी अर्ज उचलला. सात पानं. सहाव्या पानावर 'संबंधित व्यक्तीची संमती' या मथळ्याखाली, जांभळ्या शाईत, रेघ आखल्यासारखी सरळ सही होती. इतकी सुबक सही त्यांच्या मुलीने जन्मात केली नव्हती.

गल्लीत शिक्क्यांच्या दुकानाचे दोन मालक लोकांना माहीत होते. वडील ते थोरले, घरात अण्णा; मुलगा तो धाकटे, ताईचा भाऊ. थोरले एक्क्याऐंशीचे झाले, धाकटे एक्कावन्नचे, तरी ही नावं काही बदलली नाहीत. दुकान खाली, घर वर, मधे सतरा पायऱ्या. धाकट्यांच्या मुलीसाठी चाकांच्या दोन खुर्च्या होत्या, एक वर आणि एक खाली. मधल्या सतरा पायऱ्यांपुरते धाकटेच.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. सातव्या वर्षी विजेवर चालणारी खुर्ची मिळाली त्या दिवशी तिने बाहेरच्या खोलीत गरगर फिरून दोन फुलदाण्या आणि एक आरसा फोडला, तेव्हापासूनचं ते नाव. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला होता. डोक्याने दिलेले हुकूम हातापायांपर्यंत आणि जिभेपर्यंत धड पोचत नसत. डोकं मात्र ठणठणीत होतं. ताईच्या मते जरा जास्तच.

बावीस दिवसांनी भिंगरी अठराची होणार होती. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईबापांची सही चालत नाही. बँक असो, कचेरी असो, दवाखाना असो, सगळे तिलाच विचारणार. पाठीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती ती वाढदिवसानंतर सोळा दिवसांची. आणि भिंगरी ऑपरेशनला नाही म्हणत होती. म्हणून हा अर्ज. सदर व्यक्ती स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ आहे, सबब आईवडिलांना तिचे कायदेशीर पालक म्हणून पुढेही नेमावे. मंगळवारी सुनावणी होती. दोन नातेवाइकांच्या सह्या हव्या होत्या. थोरल्यांनी शुक्रवारी केली होती, ताई आज त्यासाठीच आली होती. भिंगरीच्या आईची सही कधीच झाली होती. पाच पानं ही व्यक्ती काही ठरवू शकत नाही असं सांगून झाल्यावर सहाव्या पानावर तिचीच संमती मागायची, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या माणसाला धाकट्यांना एकदा भेटायचं होतं.

"शिक्का मिळाला कुठे तुला?"

"खाली, गल्ल्यामागच्या कपाटात. पेन शोधायला गेले होते. तुमच्या दुकानात सगळं मिळतं, चालणारं पेन तेवढं मिळत नाही. डबीवर तिचं नाव होतं. मला वाटलं, अण्णांनी याच्यासाठीच केलाय."

"वाढदिवसाला द्यायचा होता तो."

"मग बिघडलं कुठे? दिलेली वस्तू वापरायचीच असते ना?"

शिक्का यंत्रावर धाकट्यांनीच कापला होता. तीन आठवड्यांपूर्वी खातं तिच्या नावावर करायला सगळे बँकेत गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी भिंगरीकडून नमुन्याच्या तीन सह्या घेतल्या. अकरा मिनिटं लागली. तिन्ही सह्या तीन वेगळ्या माणसांच्या वाटत होत्या. "जुळत नाहीत हो," असं त्या बाई थोरल्यांकडे बघून म्हणाल्या, जशी काही चूक थोरल्यांची होती. साठ वर्षं दुसऱ्यांच्या सह्या कोरलेल्या माणसाला ते लागलं. घरी येऊन त्यांनी नातीचे जुने कागद जमवले, भिंग घेऊन बसले आणि शनिवारी एक कागद मुलाच्या पुढ्यात टाकला. "हा काप." धाकट्यांनी कापला. वडिलांनी समोर ठेवलेलं कापायचं, ही सवय तीस वर्षांची होती.

आतून भिंगरीची आई आली. बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम. पाठीचा पट्टा बांधायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी कुस्तीच असते.

"झाली का सही?"

"अगं, ताईने बघ काय करून ठेवलंय."

आईने सहावं पान पाहिलं. म्हणाली, "बरं झालं."

"बरं झालं?"

"अहो, नाहीतर अंगठा घ्यावा लागला असता. तिची मूठ उघडून अंगठा दाबताना बघवतं का तुम्हाला? मला नाही बघवत. करा सही."

"तिला न विचारता?"

"तिला विचारलं की काय उत्तर येतं ते माहीत आहे ना? म्हणून तर अर्ज केला." ती खुर्चीवर टेकली. "तुम्हाला ऑपरेशन हवंय की नको?"

"हवंय."

"मग?"

ऑपरेशन धाकट्यांना हवंच होतं. गेल्या हिवाळ्यात भिंगरी बारा दिवस खोकली, तेव्हा ते तिच्या खाटेपाशी बसून तिचे श्वास मोजत होते. त्यांना फक्त ही जांभळी सही नको होती, आणि नको का, हे सांगता येत नव्हतं. त्यामुळे त्यांची चिडचिड आणखी वाढत होती.

जिन्यात काठी वाजली. थोरले खालून पेपर घेऊन वर येत होते. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मधे दोनदा थांबत ते दारात पोचले. टेबलावरची उघडी डबी त्यांना चष्म्याशिवाय दिसली.

"हा बाहेर कोणी काढला?"

ताईने कपबशी बाजूला सारली. "मी काढला, अण्णा. आणि चार ठिकाणी मारला. छान उठतोय, अगदी स्वच्छ."

"पहिला ठसा कुठे मारलास?"

"कुठे म्हणजे? कागदावर."

थोरल्यांनी पेपर टाकला आणि भिंतीला हात लावला. या दुकानाचा एक नियम होता. शिक्का तयार झाला की पहिला ठसा गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने ठशांच्या वहीत मारायचा. तोवर तो शिक्का नाही, नुसता रबराचा तुकडा. पोस्टमास्तर असो की शाळेचा मुख्याध्यापक, सगळ्यांनी काउंटरपाशी उभं राहून त्या वहीत पहिला ठसा मारला होता.

"अक्कल गहाण ठेवून आलीस का? दुसऱ्याचा शिक्का हातात धरायचा नाही, हे या घरातल्या मांजरालासुद्धा कळतं."

"मांजराला कळत असेल, त्याला दुकानात बसायला मिळत असेल," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती. "मला कधी बसवलंत? अकराव्या वर्षी मी सगळी अक्षरं उलटी लिहायचे, आरशातल्यासारखी, एक चूक नाही. हा सुलटी लिहिताना चुकायचा. तरी दुकान कोणाला दिलंत?"

"तो विषय आज नको."

"तो विषय तीस वर्षं आज नकोच असतो."

"ताई, अण्णा, तुमचं ते नंतर बघा," आई मधे पडली. "मंगळवारी मी रजा टाकलीय. चौथ्यांदा. सुपरवायझर आता माझ्याशी नीट बोलत नाही. अण्णा, तुम्हीच म्हणाला होतात ना शुक्रवारी, पोरीचं भलं होणार असेल तर काय वाटेल ते करा?"

"सही करा म्हटलं. शिक्का मारा नाही म्हटलं."

"म्हणजे काय फरक?"

"फरक आहे."

"काय ते सांगा तरी!"

धाकट्यांनी कपाळ चोळलं. एका बाजूला बायको आणि बहीण. या दोघी गेल्या दिवाळीतल्या भांडणापासून एकमेकींना कामापुरतंही विचारत नव्हत्या आणि आज खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला वडील. अर्जाच्या बाजूने सही केलेला हा म्हातारा आता शिक्क्यावरून अर्जच बुडवायला निघाला होता. आणि सगळे बोलता बोलता त्यांच्याकडे बघत होते, पंच असल्यासारखे. त्यांना जेवायचं होतं.

तेवढ्यात खुर्चीच्या मोटरचा आवाज आला.

भिंगरी दारातून आली, टेबलाशी वळली आणि थांबली. ताईने अर्ज पालथा केला. उशीर झाला होता.

"वाचू दे," धाकटे म्हणाले. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी पानं तिच्या खुर्चीच्या फळीवर ठेवली. का ठेवली ते त्यांनाही कळलं नाही.

ती वाचत होती. पान संपलं की डोळे वर करायची, धाकटे पान उलटायचे. पाचव्या पानाला वेळ लागला. सहाव्याला त्याहून जास्त. सातवं तिने मागितलंच नाही.

मग ती कमरेतून पुढे वाकली, सगळं धड एका बाजूला टाकून, आणि उजव्या मुठीच्या उंचवट्याने फळीवरच्या टॅबलेटवर एकेक अक्षर दाबू लागली. बोलायची ती अशी. तोंडाने काढलेले शब्द फक्त आईबापांना कळत, तेही निम्मे. वाक्य पुरं झालं की टॅबलेटमधली बाई ते म्हणून दाखवायची, स्थानकावरच्या घोषणेसारखी, गोड आणि सपाट. त्या बाईला प्रश्नचिन्ह कळत नसे. घरात एकच शिस्त होती, भिंगरी टाइप करत असताना तिचा शब्द कोणी पुरा करायचा नाही. ती पाळताना सगळ्यांच्या नाकी नऊ येत.

"ही सही कोणाची आहे," बाई म्हणाली.

"तुझीच, बाळ." थोरले पुढे सरकले. चिडलेला माणूस एकदम कारागीर झाला. "त्रेसष्ट कागद पाहिले. एकावर पहिलं अक्षर चांगलं होतं, दुसऱ्यावर शेवटचं. प्रत्येकातलं उत्तम घेतलं, मग ओळ सरळ केली, मात्रा जरा..."

भिंगरी वाकली. सगळे थांबले. ताईने घड्याळ पाहिलं.

"छान आहे. माझी नाही."

"अगं, तुझ्याच अक्षरांतून..."

ती पुन्हा टाइप करत होती. थोरल्यांनी वाक्य गिळलं.

"मागणी कोणी नोंदवली."

रोज दुपारी तीन ते सहा खालच्या काउंटरवर भिंगरी बसायची. साहेबाच्या सहीचा, सासऱ्याच्या सहीचा शिक्का करून द्या म्हणत येणारी माणसं आठवड्यात दोनतरी असतात. त्यांच्यासाठी तिने एक वाक्य टॅबलेटमध्ये कायमचं भरून ठेवलं होतं. ज्यांची सही त्यांनी स्वतः यावं आणि मागणी लिहून द्यावी. गेल्या महिन्यात एक कोटवाला आरडाओरडा करायला लागला, तेव्हा तिने तेच बटण चार वेळा दाबलं. चौथ्यांदा तो निघून गेला. थोरल्यांनी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला महिनाभर सांगितली होती.

थोरले खुर्चीत बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून ते जमिनीकडे बघत राहिले. मग ताईकडे हात केला.

"कात्री दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना."

शिक्क्याच्या लाकडी मुठीवरचं रबर त्यांनी नखाने सोडवलं, नातीला दिसेल असं धरलं आणि मधोमध कापलं. चुकीचा शिक्का गिऱ्हाइकासमोर कापायचा, हाही नियमच होता. दोन्ही तुकडे त्यांनी तिच्या फळीवर ठेवले.

"माझीही सही खोडा त्या अर्जावरची," ते म्हणाले.

"अहो अण्णा!" ताई उठलीच. "आता दुसरा अर्ज कुठून आणायचा? रविवारी! मी दोन गाड्या बदलून आलेय, गंमत म्हणून नाही. तुम्हीच कोरायचा, तुम्हीच कापायचा, तुम्हीच खोडायचं. काय चाललंय काय या घरात?"

"झालं सगळ्यांचं नाटक?" आई म्हणाली.

ती खुर्ची ओढून भिंगरीच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"इकडे बघ. तुझ्या कण्याचा बाक एकसष्ट अंश. मागच्या वर्षी बावन्न होता. मी स्वतः काढलाय तो एक्स-रे, मी स्वतः मोजलाय. दुसऱ्या कोणी मोजला असता तर म्हटलं असतं, चुकला असेल. एक्स-रे विभागात एकोणीस वर्षं मी लोकांच्या पाठी बघतेय. या वाकड्या कण्याखाली फुप्फुस कसं दबत जातं ते मला कोणी समजावून सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात खोकला बारा दिवस टिकला. पाच वर्षांनी बाराचे किती होतील?"

भिंगरी वाकली. वाकताना तिचा डावा खांदा आईच्या गुडघ्याला लागला. आईने गुडघा मागे घेतला नाही.

"पाठीत रॉड घातला की वाकता येणार नाही. वाकता आलं नाही की बोलता येणार नाही."

"डोळ्यांनी चालणारं यंत्र मिळतं. डॉक्टर म्हणालेत."

"तुला म्हणाले. मला म्हणाले शूर मुलगी."

"बरं, मग मी विचारते त्यांना नीट. सगळं विचारते."

"मी विचारणार."

"तू विचारशील आणि ते दोन मिनिटांत दुसऱ्या पेशंटकडे वळतील! सकाळभर मी बघते ना तिथे काय चालतं ते. तुझं पहिलं वाक्य होईतो..." आईने स्वतःलाच थांबवलं. पण वाक्य पोचलं होतं.

भिंगरीने पाच अक्षरं दाबली, थांबली, खोडलं. पुन्हा.

"बाबांची सही नाही अजून."

सगळ्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. आणि त्यांचं डोकं फिरलं.

"माझ्याकडे काय बघता? सगळे माझ्याकडे काय बघता! सतरा पायऱ्या, दिवसातून दोनदा खाली, दोनदा वर, त्रेचाळीस किलो. माझ्या पाठीचा फोटो काढायचा का, असं कोणी विचारलंय? अण्णा, तुम्ही कोरा, मग कापा, तुमचं बरं आहे. ताई, तू वर्षातून दोनदा येणार, चार ठसे मारणार, चारच्या गाडीने जाणार. ही मला अंश सांगणार. आणि या बाई," त्यांनी मुलीकडे बोट केलं, "या मला दुकानाचे नियम शिकवणार! अगं, तुझ्या श्वासासाठी करतोय हे सगळं, आणि चोर मी? मी दमलोय. समजतंय का कोणाला? तुम्ही सगळे मिळून एकदा काय ते ठरवा आणि मला सांगा. मी सही करून टाकतो!"

शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला. धाकटे धापा टाकत उभे होते. भिंगरी वाकली होती. दीड मिनिट गेलं असेल.

"मी ठरवते," बाई म्हणाली.

"आणि तू नाही ठरवलंस तर?"

"तर नाही."

"आणि पाच वर्षांनी श्वास लागला तर? तेव्हा?"

या उत्तराला फार वेळ लागला. मूठ दोनदा घसरली. कोणी शब्द पुरा केला नाही.

"तर तुम्ही म्हणालच. सांगितलं होतं."

ताईला हसू फुटलं. तिने पदराने तोंड दाबलं, पण खांदे हलायचे राहिले नाहीत. थोरल्यांच्याही मिशा हलल्या. आई हसली नाही.

भिंगरीचं संपलं नव्हतं. "मलाही भीती वाटते. पण तुम्ही सगळे आधीच घाबरून बसता. माझा नंबरच येत नाही."

आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले, पुन्हा खाली घेतले. मग नवऱ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "सही करताय की नाही?"

"नाही."

"का?"

"काय लिहू मी त्याच्यावर? ती समोर बसून मला फैलावर घेतेय आणि मी लिहू, तिला समजत नाही?"

"तिला समजतं हे मला माहीत नाही?" आईचा आवाज आता फाटला. "समजतं म्हणूनच तर ती घाबरलीय. मी त्या कागदावर खोटं लिहिलंय, जाणूनबुजून लिहिलंय, कोणी विचारलं तर तोंडावर सांगेन. तिचा श्वास चालू राहणार असेल तर मी सात पानं खोटी लिहीन. सत्तर लिहीन. तुम्ही खरं बोला. खरं बोलून तुम्हाला झोप लागेल ना, लागू दे."

ती आत गेली. दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं धाकट्यांना वाटलं.

जेवण कोणी गरम केलं नाही. ताईने सातही पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि पर्समध्ये घातली.

"मंगळवारी मीच जाते कचेरीत. तारीख पुढची मागते. रद्द नाही हं, पुढची. वहिनी काही चुकीचं बोलली नाही." मग भिंगरीकडे बघून म्हणाली, "तूसुद्धा नाही बोललीस. म्हणून तर डोकं उठलंय माझं."

"तुझी चारची गाडी?" धाकट्यांनी विचारलं.

"सहाची आहे एक."

सोमवारी सकाळी आईने नेहमीसारखा पट्टा बांधला, नेहमीसारखा घट्ट, आणि सातला कामावर निघून गेली. नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. खालच्या फोनजवळ मात्र एक चिठ्ठी ठेवलेली होती. डॉक्टरांच्या खोलीचा थेट नंबर, आणि खाली तिच्या ठसठशीत अक्षरात, 'सव्वानऊ ते साडेनऊ. नंतर उचलत नाहीत.'

नऊ सोळाला धाकट्यांनी नंबर लावला आणि फोनचा स्पीकर चालू करून भिंगरीच्या फळीवर ठेवला. पलीकडून एक मुलगी "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, बोलत का नाही?" आणि पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा धाकटे घाईघाईने पुढे झाले.

"ठेवू नका. माझी मुलगी बोलतेय. तिला वेळ लागतो."

"मग तुम्हीच सांगा ना काय ते."

"मला माहीत नाही ती काय बोलणार आहे," धाकटे म्हणाले. हे अगदी खरं होतं.

ते दोन पावलं मागे सरले आणि पाठ करून उभे राहिले, म्हणजे टॅबलेट दिसू नये. दिसला असता तर तोंडातून शब्द निघाला असता. हात त्यांनी खिशात घातले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत होता, पण फोन ठेवला नव्हता.

"मला ऑपरेशनबद्दल डॉक्टरांना प्रश्न विचारायचे आहेत. चाळीस मिनिटं लागतील."

"चाळीस?" मुलगी म्हणाली. "एका पेशंटला दहा देतो आम्ही."

खूप वेळाने, "दहात माझा एकच प्रश्न होतो. चार जणांची वेळ द्या."

पलीकडे कीबोर्डची टकटक. "बरं. पुढच्या महिन्यात पाच तारखेला, सगळ्यात शेवटी घेते. साडेबारा. पेशंटचं वय?"

"त्या दिवशी अठरा."

"सोबत कोण येणार आहे?"

नऊ पंचवीस झाले होते. धाकट्यांनी समोरच्या मांडणीतल्या लाकडी मुठी मोजायला घेतल्या. एक ओळ झाली. दुसरी झाली. मागे मूठ काचेवर आपटत होती, थांबत होती, आपटत होती.

"बाबा येतील. बाहेर बसतील."

"चालेल ना त्यांना?" मुलीने विचारलं.

धाकट्यांनी मान डोलावली. मग ती फोनवर दिसत नाही हे लक्षात येऊन, पाठ तशीच ठेवून, मोठ्यांदा म्हणाले, "चालेल."